प्रति चौरस मीटर

सकाळी पावण्यात, गाळा नंबर तेरा.
शटर अर्धंच वर. वाकून आत गेले
तर माझ्या टेपला सरळ रेषाच मिळेना:
नऊ लेथ, एक ग्राइंडर, तेलाचे डबे,
आणि मशीनच्या पोटाखाली कुणाचीतरी वळकटी.
“दुसऱ्या पाळीचा झोपतो,” जयेंद्र पांचाळ म्हणाले,
“जागा रिकामी ठेवून परवडतं होय, मॅडम?
वर बघा, छतालासुद्धा माल टांगलाय.”
चौऱ्याऐंशी चौरस मीटर. माणसं अकरा.
भागाकार केला. उत्तर इतकं चांगलं आलं
की मला खोकला आला.

दुपारी बस, मग रिक्षा, मग पायी.
विशेष क्षेत्राची कमान एवढी रुंद
की खालून दोन जहाजं शेजारी-शेजारी जावीत.
गेली नाहीत.
आत चौपदरी रस्ता, दुभाजकात वाळलेली बोगनवेल,
दिव्यांच्या खांबांवर दिवे नाहीत, बगळे.

प्लॉट डी-एकेचाळीस. सतरा हेक्टर. भिंत पूर्ण.
भिंतीच्या आत एक खोली, तीन बाय चार,
तिच्यावर पाटी: प्रशासकीय इमारत.
खोली असली की प्लॉट ‘विकासाधीन’,
आणि विकासाधीन प्लॉट परत घेता येत नाही.
म्हणून दर दोन वर्षांनी खोलीला नवा रंग.
या वर्षीचा पिस्ता.

पहाऱ्याला हसुराम घरत.
“आदी खाजन व्हती हितं. मंग तुमची भिंत जाली.”
“माझी नाही हो, कंपनीची.”
“मना सगले सारके. मोजाला येतो तो तुमचा.”

लागलं ते. माझा बाप चेनमन होता.
याच खाडीकाठी, चिखलात मांड्यांपर्यंत,
साखळी ओढली त्यानं.
तेहेतीस गुणिले तेहेतीस म्हणजे गुंठा,
हे मला पाढ्यांच्या आधी पाठ.
साखळी ताठ धर, म्हणायचा, जमीन खोटं बोलत नाही.
जमीन नव्हतीच बोलत. ती सरकारी कागदावर
‘ओसाड’ म्हणून चढली तेव्हाही.

माझ्या हातात आता रोव्हर.
त्याला आकाशातले सतरा उपग्रह दिसतात.
हसुरामची भेंडी नाही दिसली.

खोलीच्या मागे, दोन ओळी,
टँकरच्या गळक्या नळीवर पोसलेल्या.
आणि काकडीचा एक वेल
थेट काटेरी तारेवर चढून पलीकडच्या प्लॉटमध्ये डोकावणारा,
विनापरवाना.
“किती निघते?”
“आटवड्याला चार किलो. उरली तं नाक्यावं इकतंय.”

रकाना सातवा: प्रत्यक्ष उत्पादन.
पेन थोडा वेळ हवेत राहिलं.
मग लिहिलं: भेंडी, साप्ताहिक, चार किलो.
रोजगार: एक.
भागाकाराला कॅल्क्युलेटर शून्य म्हणाला.
दशांश वाढवत गेले,
शून्य, शून्य, शून्य, शून्य,
पाचव्या घरात हिरवं काहीतरी सापडलं.

पंधरा दिवसांनी अहवाल परत आला.
गाळा तेरापुढे लाल शेरा: अतिवापर, नोटीस बजवावी.
डी-एकेचाळीसपुढे: सातव्या रकान्यात थट्टा नको.
आणि तळाशी,
पांचाळांचा श्वास आणि घरतांचे बगळे
एकाच बेरजेत धरून काढलेली
सरासरी. समाधानकारक.

मी थट्टा खोडली नाही.
तिच्याशेजारी फक्त सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट.

त्या दिवशी निघताना हसुरामनं
वर्तमानपत्रात बांधून थोडी भेंडी दिली होती.
पैसे काढले तर हात मागे घेतला.
“मोजू नको गो बाय.”

घरी येऊन मोजली.
तेवीस.